समुद्री किड्यांची भीती आणि बोटीवर कुणी सांगत नाही त्या गोष्टी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडीओ जोरात फिरतोय, तुमच्याही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन गेला असेलच. समुद्राच्या तळाची वाळू दिसते, त्यातनं एकदम एक लांबलचक किडा वर उसळतो, मासा कचकन धरतो आणि दिसेनासा होतो, आणि खाली कुणीतरी मराठीत लिहून टाकलंय की स्कूबाला जाणाऱ्यांनो सावधान, हा किडा माणसाची बोटं तोडतो. मी मालवणात डायव्हिंग शिकवते त्यामुळे याचा त्रास थेट आमच्यापर्यंत आला. रोज फोन, मॅडम तो किडा तुमच्याकडे आहे का, मुलांना आणू की नको, आम्ही अंदमानचं बुकिंग केलंय ते कॅन्सल करू का. लोकांना भीती वाटणं चुकीचं नाही, पाण्याखाली आपण परक्या घरात असतो. पण भीती ज्याची घ्यायला हवी ते राहतंय बाजूला आणि भलत्याच गोष्टीची घेतली जातेय, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्य तेवढं छापा ही विनंती.

आधी व्हिडीओतल्या प्राण्याबद्दल सांगते. तो खरा आहे, बनावट नाही. त्याला बॉबिट वर्म म्हणतात, शास्त्रीय नाव युनिस अ‍ॅफ्रोडिटॉइस, आणि 1788 पासून शास्त्राला माहीत असलेला हा प्राणी आहे, काही नवीन संकट वगैरे आलेलं नाही. गरम समुद्रात वाळूत बीळ करून राहतो, अंग सगळं आत, वर फक्त डोकं आणि पाच मिशा. मिशांना मासा लागला की जबडा मिटतो. 2009 साली जपानमध्ये वाकायामा भागातल्या शिराहामाजवळच्या एका मच्छीमार बंदरात तराफ्याच्या फ्लोटमध्ये असा एक किडा सापडला होता, मोजला तर 299 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तीन मीटर, आणि वजन मात्र अर्ध्या किलोच्याही आत, 433 ग्रॅम. त्याच्या अंगाचे खंड मोजले तर 673 भरले. आता विचार करा, रोज माणसांची ये-जा असलेल्या बंदरात, लोकांच्या पायाखालच्या तराफ्यात एवढा मोठा प्राणी राहत होता, आणि तराफा उघडेपर्यंत कुणाला पत्ताही नव्हता.

माणसाच्या मागे लागून हल्ला करणारा हा प्राणी नाहीच. तो बीळ सोडून सहसा बाहेर येत नाही. जी वस्तू त्याच्या तोंडापर्यंत जाईल ती तो धरतो, तीही बहुतेक रात्रीची. त्यामुळे धोका आहे तो वाळूवर कोपर टेकून, हात पसरून फोटो काढत बसणाऱ्याला, खास करून नाईट डाईव्हला. इंडोनेशियात लेंबेहला, जिथे लोक मुद्दाम वाळूतले विचित्र प्राणी बघायला जातात, तिथे हाताऐवजी एक धातूची काडी टेकवून तोल सांभाळायची पद्धत आहे. त्याच लेंबेहमधलं एक निरीक्षण 2016 मध्ये प्रसिद्ध झालं, मला फार आवडतं ते. आपल्या राणी माशाच्या कुळातला एक छोटा मासा आहे, त्याला या किड्याचं बीळ कळलं की तो पळून जायचं सोडून बिळाच्या तोंडापाशी येतो आणि डोकं खाली करून तोंडातनं पाण्याचा झोत आत मारत राहतो, मग आजूबाजूचे त्याच जातीचे मासे पण येतात आणि सगळे मिळून झोत मारतात, शेवटी किडा आत जातो. दबा धरून बसणाऱ्याची जागा एकदा सगळ्यांना कळली की त्याची शिकार बोंबलली. एवढासा मासा जे करतो ते बघितल्यावर बोटं तोडणाऱ्या राक्षसाच्या गोष्टीत किती दम आहे ते तुम्हीच ठरवा.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले तो किडा. फायरवर्म. हा कुणाच्या व्हिडीओत नसतो कारण तो काहीच करत नाही. दगडाखाली, मेलेल्या पोवळ्याच्या तुकड्यांत पडून असतो, संध्याकाळ झाली की खायला बाहेर पडतो, चालही एकदम संथ. हिंदी महासागर आणि पॅसिफिकमध्ये जो सगळीकडे सापडतो तो युरिथो नावाचा, वीतभर लांब, फिकट नारिंगी गुलाबी, दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र केसांचे झुबके. दुसरा क्लोईया, तो आखूड आणि रुंद, सोनेरी केसांचा, पाठीवर मधोमध जांभळट ठिपक्यांची रांग, दिसायला इतका देखणा की हात आपोआप पुढे जातो. आणि तिथेच घात होतो. ते केस म्हणजे त्याचं एकमेव हत्यार. डिवचलं की झुबके फुलवतो, आणि नुसता स्पर्श झाला तरी शेकडो केस तुटून कातडीत घुसतात. केस कॅल्शियमचे, ठिसूळ, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. कोकणातल्या माणसाला एका वाक्यात सांगायचं तर ही समुद्रातली खाजकुयली, फक्त खाजेच्या आधी आग येते.

आग म्हणजे खरोखर आग. त्या जागेला लाली, सूज, मग खाज, कधी बधिरपणा, आणि हे काही तासांपासून कित्येक दिवसांपर्यंत चालू राहतं. क्वचित कुणाला मळमळ, चक्कर. केस आत राहिले तर जागा चिघळते. केस पोकळ असतात आणि त्यातनं विष टोचलं जातं असं बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं, पण अलीकडे ज्यांनी हे केस सूक्ष्मदर्शकाखाली नीट तपासले त्यांना केसाच्या मुळाशी विषाची ग्रंथीच सापडली नाही. दुसरीकडे युरिथोच्या अंगातून जपानी शास्त्रज्ञांनी कॉम्प्लनाइन नावाचं सूज आणणारं द्रव्य वेगळं काढलेलं आहे. तेव्हा आग नेमकी कशी होते यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू द्या, ज्याचा हात लागलाय त्याला काय करायचं ते माहीत असलं म्हणजे झालं. आणि तेच आपल्याकडे कुणाला माहीत नसतं.

मागच्या सीझनमधली गोष्ट. शेजारच्या एका बोटीवरनं एका कॉलेजच्या मुलीला आमच्याकडे आणलं, हात धरून रडत होती. फोटो छान येईल म्हणून पाण्याखाली तिच्या तळहातावर कुणीतरी दगड उलटा करून त्याखालचा "गोंडस" किडा ठेवला होता. वर आल्यावर बोटीवर कुणी लिंबू चोळलं, कुणी वाळूनं घासलं, टॉवेलनं खसाखसा पुसलं ते वेगळंच, म्हणजे जेवढे केस अर्धवट बाहेर होते ते सगळे आत रुतवले. तळहात बघितला तर नुसता लालभडक, केस काही दिसेनात. मग टॉर्च आडवा धरला, कातडीला लागून जवळजवळ समांतर, तेव्हा अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत बारीक चकचकीत टोकं उभी दिसली, दाट, एकाच दिशेला कललेली. हात हवेत सुकू दिला. मग चिकटपट्टीचा तुकडा हलक्या हातानं ठेवायचा आणि केस ज्या बाजूला कललेत त्याच बाजूला सरळ उचलायचा, प्रत्येक वेळी नवीन तुकडा. प्रत्येक तुकडा उजेडात धरला की त्यावर केस दिसायचे. बराच वेळ लागला पण हळूहळू तिचा हुंदका थांबला. त्यानंतर व्हिनेगर लावलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी स्टेरॉइडचं मलम आणि अ‍ॅलर्जीची गोळी दिली. तिच्या बोटीवर चिकटपट्टी नव्हती, चिमटा नव्हता, व्हिनेगर नव्हतं. स्पीकर मात्र होता.

तिचं नशीब एवढंच की ती त्या हातानं मास्क साफ करायला गेली नाही. काचेवर वाफ धरू नये म्हणून आपण मास्कच्या आत थुंकी लावून बोट फिरवतो ना, त्या बोटाला केस लागलेले असले की ते मास्कमधनं डोळ्यात जाणार. डोळ्यात गेलेला केस बोटीवर काढायच्या भानगडीत अजिबात पडू नये, चोळू नये, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. ग्लोव्हजचंही तसंच आहे. ग्लोव्हज घातले म्हणजे आपण सेफ असं लोकांना वाटतं, पण केस कापडात अडकून बसतात आणि तेच ग्लोव्हज काढताना, पिळताना दुसऱ्या हाताला लागतात, संध्याकाळी बॅग आवरणाऱ्या आईच्या हाताला लागतात.

पण डायव्हरच्या दृष्टीनं फायरवर्मचा सगळ्यात मोठा धोका त्याच्या केसांत नाहीये, तो त्यानंतरच्या पाच सेकंदांत आहे आणि हे मला अगदी ठळकपणे सांगायचंय. जमिनीवर चटका बसला की आपण ओरडतो, हात झटकतो, पळतो. पाण्याखाली पहिल्यांदाच उतरलेला माणूस पण तेच करायला जातो. श्वास रोखतो आणि वर पळतो. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब धरून एकूण दाब जमिनीच्या दुप्पट असतो, तिथे सिलिंडरमधनं फुफ्फुसं भरून घेतलेली हवा वर येता येता फुगत दुप्पट होऊ पाहते, श्वास सोडत राहिलात तर जादाची हवा आपोआप निघून जाते, पण तोंड मिटून वर आलात तर ती जाणार कुठे, फुफ्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी दहा मीटर पण लागत नाहीत, भरलेल्या फुफ्फुसानं श्वास रोखून दीड-दोन मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. म्हणजे जो किडा स्वतः कुणाला मारू शकत नाही त्याच्या चटक्यामुळे माणूस जीवाला मुकू शकतो. म्हणून आम्ही शिकवतो की काही झालं, काही चावलं, काही भाजलं, तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातनं हवा घेतो तो, सोडायचा नाही आणि श्वास थांबवायचा नाही. आधी श्वास, मग हाताची खूण करून इन्स्ट्रक्टरला दाखवायचं, मग सोबत सावकाश वर. हे बोटीवर दोन मिनिटांत सांगून होतं. दोनदा म्हणून घेतलं तर लहान मुलांच्या सुद्धा लक्षात राहतं.

आणि हे सांगितलं जात नाही. सगळेच असे नाहीत, मालवणात जीव लावून काम करणारी मुलं खूप आहेत, माझ्या ओळखीची आहेत. पण मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत बोटी भरून माणसं येतात, एक बॅच वर आली की दुसरी खाली, अशा वेळी ब्रीफिंग म्हणजे "नाकाने श्वास घ्यायचा नाही, घाबरायचं नाही, चला" एवढंच. नागपूरहून, सोलापूरहून आलेल्या, समुद्र पहिल्यांदा बघणाऱ्या काकूंना त्यात काय कळणार. त्यात पॅकेजमध्ये व्हिडीओ असतो, मग व्हिडीओत काहीतरी दिसायला पाहिजे म्हणून खालचे प्राणी उचलून हातात द्यायचे, ब्रेडचे तुकडे टाकून मासे गोळा करायचे. समुद्री काकडी तर सर्रास हातात देतात. ती 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाला जे संरक्षण तेच तिला, पोवळ्यांनाही, हे किती जणांना माहितीये? ज्या बोटीवर प्राणी उचलायची सवय असते तिथेच कधी ना कधी चुकीचा प्राणी उचलला जातो.

आमच्या घरातली जुनी माणसं जाळ्यातनं मासळी सोडवताना हे केसाळ किडे आले की हातानं कधी काढत नसत, काडीनं उडवत. आजी ओरडायची, "हात लावू नको हां, मगे आग आग होतली". तिला फायरवर्म हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं. इटलीत सिसिलीच्या मच्छीमारांची सध्या हीच तक्रार आहे, तिथला फायरवर्म वेगळ्या जातीचा, त्याला दाढीवाला फायरवर्म म्हणतात, तो जाळ्यात अडकलेली मासळी खाऊन टाकतो आणि जाळं ओढणाऱ्याचे हात भाजतो, आणि भूमध्य समुद्राचं पाणी तापत चाललंय तसा तो उत्तरेकडे सरकतोय, वाढतोय. तिथे शास्त्रज्ञ मच्छीमारांना, डायव्हर लोकांना सोबत घेऊन कुठे दिसला कधी दिसला याच्या नोंदी करतात. आपल्याकडे कोळ्यांना, गाबितांना जे पिढ्यान्‌पिढ्या माहितीये ते डायव्हिंगच्या बोटीपर्यंत सुद्धा पोचलेलं नाही, आणि बोट बहुतेक वेळा त्याच घरातला मुलगा चालवतो.

बाकी किड्यांचं थोडक्यात. गळ टाकणाऱ्यांना आमिषाचा ब्लडवर्म माहीत असेल, त्याच्या सोंडेच्या टोकाला चार दात असतात, त्यात चक्क तांबं असतं, आणि चावला तर गांधीलमाशी चावल्यासारखं दुखतं, पण तो चिखलात राहणारा, डायव्हरच्या वाट्याला सहसा येत नाही. रंगीत चपटे किडे पाण्यात पोहताना फार सुंदर दिसतात, चपट्या किड्यांच्या काही जातींत केंड माशात असतं तेच टेट्रोडोटॉक्सिन आढळलंय, बघण्यात धोका काही नाही, उचलू नका म्हणजे झालं. आणि पोवळ्यावर रंगीत छोट्या झाडांसारखे दिसणारे ख्रिसमस ट्री वर्म तर कुणाला काहीच करत नाहीत, आपली सावली पडली तरी झटकन आत जातात. फक्त ते बघताना बाजूच्या पोवळ्याला हात टेकू नका.

हे वाचून कुणी सुरी घेऊन फायरवर्म मारायला निघू नये, कळकळीनं सांगते. युरिथोचे तुकडे केले तर तुकड्यांतून नवे किडे तयार होतात, त्याची वाढायची ती एक पद्धतच आहे. आणि तो मेलेलं, कुजलेलं खाऊन तळ साफ ठेवतो. तो त्याच्या दगडाखाली आहे, दगड उलटवणारे आपण आहोत.

प्रथमोपचार परत एकदा नीट लिहिते, कारण ऐन वेळी आठवत नाही. केस लागले की चोळायचं नाही, पुसायचं नाही, लिंबू, वाळू, टूथपेस्ट, हळद काही नाही. हात हवेत वाळवा, चिकटपट्टीनं केस काढा, उरलेले मोठे चिमट्यानं, मग व्हिनेगर किंवा स्पिरिट. गरम पाण्यात हात बुडवायचा उपाय बरेच जण लगेच सुचवतात, तो लायनफिशचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर फार उपयोगी आहे कारण उष्णतेनं ते विष निकामी होतं, इथे मात्र आधी केस निघाले पाहिजेत. आणि चेहरा सुजला, श्वास लागायला लागला, अंगभर गांधी उठल्या तर बोटीवर एक मिनिट पण न घालवता हॉस्पिटल. दोन-चार दिवसांनी जागा गरम लागली, पू झाला तरी दाखवा.

माझी मागणी फार मोठी नाही. वॉटर स्पोर्टचा परवाना देताना लाईफ जॅकेट मोजतात, बोटीची कागदपत्रं बघतात, ते हवंच. त्यासोबत प्रत्येक डायव्हिंग बोटीवर चिकटपट्टी, चिमटा, व्हिनेगर, टॉर्च असलेला डबा आणि ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का ते पण बघा, डब्याला फार तर दोन-तीनशे रुपये लागतात, ऑक्सिजनला जास्त लागतात पण फुफ्फुसाची इजा झालेल्या माणसाला बोटीवर देण्यासारखं दुसरं काही नसतं. ब्रीफिंग मराठीत लिहून बोटीवर लावणं सक्तीचं करा आणि त्यात पहिल्या दोन ओळी याच असू द्या की श्वास रोखायचा नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. इन्स्ट्रक्टरनं प्राणी उचलून पर्यटकाच्या हातात दिला तर त्या बोटीला दंड करा, एकदोघांना झाला की बाकीचे आपोआप थांबतील. पर्यटकांना पण सांगणं आहे, बोटीत बसायच्या आधी विचारा, तुमच्याकडे फर्स्ट एडचा डबा कुठे आहे, दाखवा. पाचशे रुपये कमी कोण करतंय हे विचारता तसंच हे विचारा. अंदमानला जा, लक्षद्वीपला जा, थायलंडला जा, तिथेही विचारा, फायरवर्म त्या सगळ्या समुद्रांत आहे.

आमच्या मुलांना वापरायला मी एका पानाचं मराठी ब्रीफिंग लिहिलंय, खुणांची चित्रं काढून. मालवण, तारकर्ली, देवबागमधल्या कुठल्याही बोटवाल्यानं ते फुकट न्यावं, झेरॉक्स काढावी, स्वतःचं नाव घालावं, माझी काही हरकत नाही. पावसाळा संपून बोटी परत सुरू व्हायच्या आत ते जास्तीत जास्त बोटींवर लागावं एवढीच इच्छा आहे, तुमच्या पेपरनं ते एकदा छापलं तर रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत पोचेल.

आपली,
एक डायव्हिंग प्रशिक्षक, मालवण